पर्यावरणाचा पेपर

आज भारतात पदवी घेणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकेवर 'पर्यावरण' या विषयाची एक ओळ असते. तिचं मूळ 22 नोव्हेंबर 1991 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालात आहे. खटला होता 'एम. सी. मेहता विरुद्ध भारत सरकार'. गंगेचं प्रदूषण, ताजमहालाभोवतालचे कारखाने अशा प्रकरणांत याच वकील मेहतांनी न्यायालयाचे दरवाजे ठोठावले होते. या वेळची मागणी वेगळी होती. प्रदूषण करणाऱ्याला शिक्षा करून भागणार नाही, पर्यावरण म्हणजे काय हे आधी लोकांना समजलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाला ते पटलं. चित्रपटगृहांनी प्रत्येक खेळात पर्यावरणाविषयीच्या स्लाइड फुकट दाखवाव्यात, आकाशवाणी आणि दूरदर्शनने रोज काही मिनिटं या विषयाला द्यावीत आणि शाळा-महाविद्यालयांत हा विषय सक्तीने शिकवावा, असे निर्देश निघाले.

न्यायालयाने अभ्यासक्रमात हात घालावा का, अशी शंका काहींच्या मनात येईल. पण 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने निसर्गाचं रक्षण हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरवलं होतं. जे कर्तव्य पाळायचं ते शिकवायलाही हवं, हा तर्क सरळ आहे. तरीही अंमलबजावणी रेंगाळली आणि 2003 मध्ये न्यायालयाला पुन्हा कान पिळावा लागला. त्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा एक समान अभ्यासक्रम आखला. कला, वाणिज्य, विज्ञान, अभियांत्रिकी, कायदा, कोणाचीही सुटका नव्हती.

या अभ्यासक्रमाचं पाठ्यपुस्तक पुण्यात लिहिलं गेलं. लेखक डॉ. एरच भरुचा हे पेशाने शल्यचिकित्सक. भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेची (स्थापना 1993) धुरा त्यांनी वाहिली. पुस्तकाची आठ प्रकरणं नीट वाचली तर लक्षात येतं, की हा काही 'झाडे लावा'चा उपदेश नव्हे. नैसर्गिक संसाधनं, परिसंस्था, जैवविविधता आणि प्रदूषण यांच्या जोडीला धरणग्रस्तांचं पुनर्वसन, पाणलोट व्यवस्थापन, चंगळवाद आणि पर्यावरणविषयक कायदेही त्यात आहेत. देशभरच्या लाखो मुलांना विस्थापनाचा प्रश्न वर्गात ऐकायला मिळाला, ही या अभ्यासक्रमाची मोठी देणगी आहे आणि ती मोकळेपणाने मान्य करायला हवी.

पण त्याच अभ्यासक्रमातली तासांची विभागणी पाहा. एकूण 50 तास. त्यातले 45 वर्गातल्या व्याख्यानांचे आणि पाच क्षेत्रभेटीचे. गुण 100; लेखी 75, क्षेत्रकार्य 25. जवळची नदी, माळ किंवा डोंगर पाहावा, एखादी प्रदूषित जागा पाहावी, परिसरातली झाडं, कीटक, पक्षी ओळखावेत, असं आठव्या प्रकरणात सांगितलं आहे. कल्पना उत्तम, पण पाच तासांत नदीपर्यंत जाऊन परत येण्यातच दिवस संपतो.

पुढे काय झालं ते महाराष्ट्रातल्या कोणत्याही महाविद्यालयात शिकलेल्याला ठाऊक आहे. ज्या प्राध्यापकाचा कार्यभार कमी पडतो त्याच्या माथी हा पेपर येतो, किंवा तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाकडे जातो. तो मनापासून शिकवणारा असला, तरी पुढच्या वर्षी तिथे असेल याची खात्री नसते. प्रकल्पाची फाइल मागच्या तुकडीकडून येते, नाहीतर झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळते. 'प्रदूषण : कारणे व उपाय' हे शीर्षक, इंटरनेटवरून छापलेली चार चित्रं आणि शेवटी 'निष्कर्ष'. विद्यार्थी पास होतो. त्याच्या मुख्य विषयातल्या एकाही गणिताला, आराखड्याला किंवा ताळेबंदाला या पेपराचा स्पर्श होत नाही. माझ्या मते सगळं दुखणं इथेच आहे. पेपर वेगळा ठेवला, त्यामुळे प्रश्नही वेगळा राहिला.

अभियांत्रिकीत तर हे अंतर कागदावरच दिसतं. जून 2014 मध्ये भारत 'वॉशिंग्टन करारा'चा कायम सदस्य झाला. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणारा हा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यासाठी आपल्या राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाने पदवीधराच्या अंगी कोणत्या 12 क्षमता हव्यात याची यादी ठरवली. तिच्यातली सातवी क्षमता होती 'पर्यावरण आणि शाश्वतता'. आपण बांधलेल्या गोष्टीचा समाजावर आणि निसर्गावर काय परिणाम होईल, हे अभियंत्याला सांगता यावं अशी ती अपेक्षा. आणि 2018 मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने जो नमुना अभ्यासक्रम काढला, त्यात पर्यावरणशास्त्र सक्तीचं ठेवलं, पण बिनश्रेयांकी. हजेरी हवी, गुण मोजायचे नाहीत. ज्याचे गुण धरले जात नाहीत त्याचा अभ्यास आमची मुलं करत नाहीत. त्यात त्यांचा दोष नाही, व्यवस्थेनेच त्यांना ते शिकवलं आहे. यूजीसीने 2023 मध्ये नव्या शैक्षणिक धोरणाला धरून जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत पर्यावरण शिक्षणाला चार श्रेयांक दिले आणि क्षेत्रकार्यावर भर दिला, हे पाऊल म्हणूनच महत्त्वाचं आहे. तरीही श्रेयांक वाढवले म्हणजे काम झालं, असं मला वाटत नाही.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट तंत्रविद्यापीठाची गोष्ट इथे उपयोगी पडते. 1998 मध्ये त्या विद्यापीठाने ठरवलं, की आपला प्रत्येक अभियंता शाश्वत विकासाचं शिक्षण घेऊनच बाहेर पडेल. त्यांनी तीन पदर ठेवले. पहिला, सर्वांसाठी एक पायाभूत अभ्यासक्रम. दुसरा, प्रत्येक शाखेच्या मूळ विषयांत हा विचार गुंफणं. तिसरा, ज्यांना खोलात जायचं आहे त्यांनी पदवीचा शेवटचा प्रकल्प याच अंगाने करून वेगळं प्रमाणपत्र मिळवणं. पहिला आणि तिसरा पदर तुलनेने सोपा होता. दुसरा अडला. 'माझ्या विषयाचा याच्याशी संबंध नाही' असं म्हणणारे प्राध्यापक तिथेही होते.

त्यावर त्यांनी जो उपाय केला तो मला फार शहाणपणाचा वाटतो. परिपत्रक काढलं नाही, शिबिर घेतलं नाही. शाश्वततेची जाण असलेले सहकारी एकेका प्राध्यापकाच्या खोलीत जाऊन बसले. तुमचा विषय शाश्वत विकासाला काय देऊ शकतो आणि शाश्वत विकासाचा विचार तुमच्या विषयात कोणते नवे प्रश्न उभे करतो, याच अंगाने त्यांनी बोलणं चालवलं. उत्तर प्राध्यापकाने स्वतः शोधायचं. ज्याने आयुष्य पंपांच्या रचनेत घालवलं त्याला पंपाबद्दल बाहेरच्याने काय शिकवावं? पण पंप किती वीज खातो आणि ती वीज कुठून येते, हा धागा दाखवून दिला की पुढचं तो स्वतःच विणतो. या पद्धतीला वेळ लागतो, पण तिच्यातून आलेला बदल शिक्षकाच्या मालकीचा असतो आणि म्हणून टिकतो.

विषयाच्या पोटात शिरलेला विचार कसा दिसतो, याचं एक नमुनेदार उदाहरण रसायनशास्त्रात आहे. अंगदुखीवर घेतली जाणारी आयबुप्रोफेनची गोळी घराघरांत असते. इंग्लंडच्या बूट्स कंपनीने 1960 च्या दशकात हे औषध शोधलं. ते बनवण्याची तिची मूळ पद्धत सहा टप्प्यांची होती. त्या पद्धतीत वापरलेल्या कच्च्या मालाच्या वजनापैकी जेमतेम 40 टक्के अणू औषधात उतरत. उरलेले 60 टक्के टाकाऊ. पुढे 1990 च्या दशकात बूट्स आणि हेक्स्ट-सेलनीज यांच्या संयुक्त उपक्रमाने तीन टप्प्यांची नवी पद्धत आणली. तिच्यात 77 टक्के अणू औषधात उतरतात आणि सोबत तयार होणारं ॲसेटिक आम्लही वापरात येतं. कच्च्या मालातला किती भाग उत्पादनात उतरतो हे मोजण्याची ही कल्पना बॅरी ट्रॉस्ट या रसायनशास्त्रज्ञाने 1991 मध्ये मांडली. मांडणी इतकी सोपी आहे, की बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी रेणुभारांची बेरीज करून ती पडताळू शकतो.

या उदाहरणाची खरी गंमत पुढे आहे. नव्या पद्धतीत हायड्रोजन फ्लोराइड वापरतात आणि ते अत्यंत घातक आहे. कारखान्यात ते पुन्हा पुन्हा वापरलं जातं, बाहेर पडू दिलं जात नाही, पण गळती झाली तर? कचरा कमी होतो आणि धोक्याचा एक नवा प्रकार दारात येतो. हे तोलायचं कसं, हा प्रश्न वर्गात आला की विद्यार्थी रसायनशास्त्रच शिकत असतो आणि शाश्वतताही. दोन्हींमध्ये शिवण दिसत नाही.

आता आपल्याकडे, पाण्याकडे येऊ. स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पाणीपुरवठा योजनेचा आराखडा करायला शिकवतात. लोकसंख्येचा अंदाज, माणशी पाणी, टाकीचा आकार, नळाचा व्यास, पंपाची अश्वशक्ती. आराखडा बरोबर आला की पैकीच्या पैकी गुण. तो आराखडा गावात उतरल्यावर चालतो का, हे प्रश्नपत्रिका विचारत नाही. विचारायचं ठरवलं तर असं विचारता येईल.

दोन हजार वस्तीचं, 400 घरांचं एक गाव धरू. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज 55 लिटर, म्हणजे एकूण एक लाख दहा हजार लिटर. विहीर नदीकाठी, टाकी टेकडीवर. पाणी 100 मीटर चढवायचं. एक हजार लिटर पाणी तेवढं वर न्यायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने सुमारे 0.27 युनिट वीज लागते. पंप आणि मोटर यांची एकत्रित कार्यक्षमता 60 टक्के धरली, तर गावाला रोज साधारण 50 युनिट, महिन्याला 1500. युनिटला आठ रुपये धरले तर बिल 12 हजार रुपये, दर घरामागे 30 रुपये. परवडेल, असं वाटतं. आता नळांतून 30 टक्के पाणी गळतं असं धरा. तेवढंच पाणी घरात पोचवायला पंप जास्त वेळ चालवावा लागेल आणि बिल 17 हजारांच्या पुढे जाईल. निम्म्याच घरांनी पाणीपट्टी भरली तर भरणाऱ्या प्रत्येक घरावर 85 रुपयांहून जास्त भार. त्यात पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आणि मोटर जळाली तर तिची दुरुस्ती धरलेलीच नाही. बिल थकतं, जोडणी तुटते, लाखो रुपयांची योजना बंद पडते आणि बायकांच्या डोक्यावर पुन्हा हंडे येतात.

हे सगळं गणित बारावीच्या पातळीचं आहे. पण ते सोडवताना विद्यार्थ्याला ऊर्जा, जमाखर्च, ग्रामपंचायतीचा कारभार आणि बाईच्या कष्टाचं मोल एकाच कागदावर दिसतं. गळती थांबवली तर महिन्याला 640 युनिट वाचतात, हे उत्तर त्याला स्वतःच्या हाताने काढता येतं. मग पुढचा प्रश्न उद्गमाचा. महाराष्ट्राच्या सुमारे 80 टक्के भूभागाखाली बेसॉल्टचा कठीण खडक आहे. त्यात पाणी साठतं ते झिजलेल्या थरात आणि भेगांत, तेही मोजकंच. ऑक्टोबरात तुडुंब असलेली विहीर मे महिन्यात तळ दाखवते. शेजारच्या मळ्यात नवी बोअर खणली गेली की गावच्या विहिरीचा हिशेब बदलतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरलेल्या महिन्यांत मोजते. त्या नोंदी समोर ठेवून योजनेचं आयुष्य तपासायला लावलं, तर भूगर्भशास्त्राचा पेपरही जिवंत होईल.

असं शिक्षण महाराष्ट्रात झालेलं आहे. मुंबईच्या आयआयटीत 1985 मध्ये ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचा विचार करणारं 'सितारा' हे केंद्र निघालं आणि 2007 पासून तिथे 'तंत्रज्ञान आणि विकास' या विषयात एम.टेक. सुरू झालं. या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला गावात जाऊन राहावं लागतं. प्रा. मिलिंद सोहोनी हे मूळचे संगणकशास्त्राचे; त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठाणे, रायगड, पालघर भागातल्या पाणी योजनांचा असा जमिनीवरचा अभ्यास विद्यार्थ्यांकडून करून घेतला. त्यातूनच पुढे 2016 मध्ये राज्य सरकारचं 'उन्नत महाराष्ट्र अभियान' उभं राहिलं. जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने जिल्ह्याचेच प्रश्न अभ्यासावेत, पाणी, स्वच्छता, एसटीचं वेळापत्रक, वीटभट्ट्या, छोटे उद्योग, आणि त्याचा अहवाल प्रशासनाला उपयोगी पडावा, अशी ती कल्पना. गावचं पाणी मोजलेल्या मुलाला पदवीनंतर शहरातल्या कंपनीत नोकरी लागली, तरी त्याला आराखड्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो हे ठाऊक असतं. पदवीच्या शिक्षणाकडून मला हेच हवं आहे.

वाणिज्य शाखेबद्दल थोडं बोललंच पाहिजे, कारण तिथे हा विषय सर्वांत कमी पोचतो. साखर कारखान्याची कॉस्ट शीट बी.कॉम.च्या मुलांना सोडवायला देतात. ऊस, मजुरी, वाहतूक, इंधन, घसारा सगळं त्यात असतं. उसाने जमिनीतून उपसलेलं पाणी कुठल्याच रकान्यात नसतं. भूजलाची पातळी दहा मीटर खाली गेली, तर बोअर खोल नेण्याचा, मोठा पंप बसवण्याचा आणि जास्त विजेचा खर्च कोणीतरी करतोच. बहुधा लहान शेतकरी करतो, ज्याचा ताळेबंद कोणी तपासत नाही. तो खर्च काढायला लावणं हा उत्तम प्रश्न होईल. शिवाय 2022-23 या आर्थिक वर्षापासून शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना पाणी, ऊर्जा, कचरा आणि कामगार यांविषयीचा सविस्तर अहवाल देणं बंधनकारक केलं आहे. तो लिहिणारे आणि तपासणारे हात वाणिज्य शाखेतूनच यायचे आहेत.

डॉ. माधव गाडगीळ यांनी या सगळ्याला आणखी एक बाजू दाखवली. त्यांनी 1990 च्या दशकात पश्चिम घाटातल्या महाविद्यालयांच्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना जोडून जैवविविधतेच्या नोंदी करण्याचं जाळं उभं केलं. पुढे शालेय अभ्यासक्रमाच्या 2005 च्या राष्ट्रीय आराखड्यासाठी 'परिसर आणि शिक्षण' या विषयावरच्या गटाचे ते अध्यक्ष होते. मुलांच्या पर्यावरण प्रकल्पांतून खरी माहिती गोळा व्हावी आणि ती सर्वांना पाहता येईल अशी खुली ठेवावी, हा त्या मांडणीचा गाभा. प्रकल्प रद्दीत जाणार हे ठाऊक असलं की मूल तो उतरवून काढतं. आपली नोंद गावाच्या उपयोगी पडणार आहे हे कळलं की तेच मूल पुन्हा जाऊन मोजून येतं.

महाविद्यालयाचं आवार ही तर हाताशी असलेली प्रयोगशाळा. अमेरिकेतले पर्यावरण शिक्षणाचे अभ्यासक डेव्हिड ऑर यांनी 1980 च्या दशकात एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना खानावळीतलं अन्न कुठून येतं याचा माग काढायला लावलं. बरंचसं अन्न लांबून येत होतं, जवळ शेतं असताना. अभ्यासानंतर महाविद्यालयाने आसपासची खरेदी वाढवली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने आवारातली तळी, विहिरी आणि पावसाचं पाणी यांची जपणूक करून पाण्याच्या बाबतीत स्वतःच्या पायावर उभं राहण्याचं काम केलं आहे. त्या तळ्यांचा वार्षिक हिशेब हा भूगोल, सांख्यिकी आणि रसायनशास्त्र या तिन्ही विषयांचा प्रकल्प होऊ शकतो. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात हरित लेखापरीक्षण आणि ऊर्जा लेखापरीक्षण विचारलं जातं. बाहेरच्या संस्थेकडून ते करून घेऊन प्रमाणपत्र भिंतीवर लावण्याची पद्धत सोडावी आणि हे काम विद्यार्थ्यांच्या हाती द्यावं. वीजबिलं कार्यालयात पडलेली असतात, पंख्यांची संख्या मोजता येते, वसतिगृहातलं उरलेलं अन्न तोलता येतं.

एक धोका मात्र ओळखून ठेवावा. 'सगळ्याच विषयांत शिकवू' म्हणत वेगळा पेपर काढून टाकला, तर कोणीच काही शिकवणार नाही. डेल्फ्टने पायाभूत अभ्यासक्रम ठेवून मग पुढचं केलं, ते याच कारणाने. आपला यूजीसीचा पेपरही राहायला हवा, श्रेयांकासह आणि कायमस्वरूपी शिक्षकासह. स्पेनमध्ये 2022 च्या नोव्हेंबरात विद्यार्थ्यांनी बार्सिलोना विद्यापीठाच्या इमारतीत ठाण मांडून हवामानसंकटावरचा अभ्यासक्रम सर्वांना सक्तीचा करण्याचं आश्वासन मिळवलं. तिथे मुलांना मागावं लागलं, आपल्याकडे न्यायालयाने ते आधीच देऊन ठेवलं आहे. पण पेपर हा पाया आहे. त्यावरचं बांधकाम प्रत्येक विषयाच्या अभ्यास मंडळाने करायचं आहे, आणि त्यासाठी मंत्रालयातून आदेश येण्याची वाट पाहण्याची गरज नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आजही शिक्षकाच्याच हातात आहेत.

तुम्ही प्राध्यापक असाल, तर येत्या सत्रात आपल्या मूळ विषयातला एकच प्रश्न आपल्या तालुक्यातल्या खऱ्या आकड्यांवर बेतून विचारा. तुम्ही सरपंच किंवा ग्रामपंचायत सदस्य असाल, तर गावच्या पाणीयोजनेचा आराखडा आणि मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं घेऊन जवळच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना भेटा आणि आमच्या गावात मुलं पाठवा, असं सांगा.